बांदीचा खेळ

१४ जुलै २००८, सोमवार

बेहडाटोल्याच्या आमच्या शाळेत आज दोन संगणक आले. नागपूरच्या एका संस्थेने चाळीस शाळा निवडल्या, त्यांत आमची. सौंदड स्टेशनवरून ट्रॅक्टरने आणले, खाली धानाचे तणस अंथरून, वर ताडपत्री टाकून. पोरे शेवटचा एक किलोमीटर ट्रॅक्टरमागे धावत आली.

नारळ चुन्नीलाल रहांगडाले यांनी फोडला. ते ग्राम शिक्षण समितीचे अध्यक्ष, धानगिरणीचे मालक, आणि आईच्या माहेराकडून आमच्या नात्यातले. दिवसभर वीज नसते म्हणून गिरणीतला इन्व्हर्टर आणि बॅटरीही त्यांनी शाळेला देऊन टाकली. त्यांचा उमेंद्र माझ्याच वर्गात, सहावीत आहे. मुख्याध्यापिका सुलोचनाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पटले सर, हे आता तुमचं खातं."

डी.एड. झाल्यावर गोंदियात दोन वर्षे प्रोग्रामिंग शिकलो होतो. मास्तरकी लागली तेव्हा ते सगळे पाण्यात गेले असे वाटले होते. आज वाटत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

खेळ तयार झाला. या रविवारी गोंदियाला घरी गेलोच नाही. नीतू फोनवर रागावली; रचना तिच्याजवळून "बाबा कधी येऊन राहिले?" म्हणून ओरडत होती. पण खेळ तयार झाला.

नाव ठेवले "बांदी". पडद्यावर धानाची बांदी, म्हणजे भाताचे खाचर, दिसते. गणिताचा प्रश्न येतो, खाली चार उत्तरे. बरोबर उत्तरावर माऊस दाबला की बांदीत थोडे पाणी चढते. चुकले की बांदीचा धुरा, म्हणजे बांध, फुटतो आणि पाणी वाहून जाते. असे तीस प्रश्न. प्रश्नांचा क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे पाठ करून चालत नाही. शेवटी ज्याचे त्याचे नाव आणि गुण यंत्रच लिहून ठेवते.

यंत्राला कुणाचा मुलगा कोण, हे माहीत नसते. मला हेच फार आवडले.

१८ ऑगस्ट

दोन आठवडे झाले. एका संगणकावर चार-चार मुले बसवतो, पाळीपाळीने खेळतात. वर्गात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. धुरा फुटला की सगळे कपाळाला हात लावतात.

उमेंद्रचे गुण पाहून थक्क झालो. २४, २६, २७. मागच्या वर्षी हाच पोरगा भागाकाराला रडत होता. मुलाला कंटाळा गणिताचा नव्हता, आमच्या शिकवण्याचा होता.

त्याच्याच गटात स्नेहल मेश्राम आहे. सेवकराम मेश्राम म्हणून मजूर आहेत, त्यांची मुलगी. तिचे गुण ३, ४, ४. खेळायच्या वेळी मागे उभी राहते, पुढे सरकतच नाही. ओठ मात्र सारखे हलत असतात, पुटपुटण्याची सवय दिसते. यंत्राला भीत असावी. वहीत तिची गणिते सगळी बरोबर असतात. कुणाची पाहून लिहिते ते एकदा शोधले पाहिजे.

२ सप्टेंबर

एक बारीकशी गोष्ट, पण बरे वाटले म्हणून लिहून ठेवतो. ओढाताणीत माऊस टेबलावरून खाली पडला. स्नेहलने उचलून वर ठेवला. उमेंद्रने खिशातला रुमाल काढून माऊस पुसला आणि मगच हातात घेतला. या पोरांना यंत्राची निगा राखायला मी सांगितले होते, ते मनावर घेतलेले दिसते.

२३ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत स्नेहलची आई, लीलाबाई, आली. निंदण सोडून आली होती, पायाला चिखल.

"सर, पोरीले मशीनवर चार गुण काऊन? घरी त मले दुकानाचा हिसाब तोंडानं करून देते."

मी समजावले. घरचा हिशेब वेगळा, संगणक वेगळा. काही मुलांना वेळ लागतो. यंत्र चुकत नाही, त्यात कुणाचा पक्षपात नाही.

"तिले तुमी एकटीले बसवून पाहा ना."

म्हटले, सगळ्यांना एकेकटे बसवले तर वर्षभर पुरणार नाही. ती "बरं" म्हणून गेली. पालकांना अशा गोष्टी समजायला वेळ लागतो.

२२ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीआधीची आवराआवर. सुलोचनाबाई हजेरीपट बांधता बांधता म्हणाल्या, "सर, कधी मागून उभे राहून पाहा, माऊस कुणाच्या हाती असतो." मी सांगितले की माऊस दोन्ही चांगले आहेत, तार मी परवाच बदलली. त्यांनी पुढचा गठ्ठा बांधायला घेतला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज प्रकल्पाचे समन्वयक कापगते साहेब गोंदियाहून आले. जेमतेम पाऊण तास होते. खेळ पाहून म्हणाले, "पटलेजी, बढिया! चाळीस शाळांत आमची सीडी चालते, पण मुलं तिला हात लावत नाहीत. इथं मुलं उठायला तयार नाहीत."

दोन गोष्टी सांगितल्या. सतरा जानेवारीला गोंदियात मोठा कार्यक्रम आहे, नागपूरचे, दिल्लीचे पाहुणे येणार. तिथे "बांदी" दाखवायचा; पसंत पडला तर चाळीसही शाळांना द्यायचा. आणि संस्थेच्या नागपूरच्या निवासी शाळेत आपल्या जिल्ह्यातून एक मूल घेणार आहेत, सातवी ते बारावी, सगळे त्यांच्याकडून. सर्वांत जास्त गुणांचे मूल. मी गुणांचा कागद छापून दिला. पहिले नाव उमेंद्रचे.

जाताना गाडीत बसून म्हणाले, "तुमच्यासारखा माणूस गोंदियाच्या ऑफिसात पाहिजे."

नीतूला फोन केला. म्हणाली, "म्हणजे रोज घरी?" रोज घरी.

५ जानेवारी २००९, सोमवार

हे कसे लिहावे कळत नाही.

कार्यक्रमाची तयारी म्हणून शाळा सुटल्यावर उमेंद्रला एकट्याला बसवले. तीसपैकी नऊ. म्हटले घाबरला असेल. पुन्हा बसवले. सात. बांदीत पाणी टिकतच नव्हते.

"काय झालं रे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "सर, ते मागून सांगे. मी दाबत होतो."

"कोण?"

"स्नेहल."

"आणि तिची पाळी आली की?"

"तिच्या नावावरबी मीच दाबत होतो. कुठंबी. लवकर संपवाले."

"ती स्वतः का नाही खेळत?"

"तिले माऊस कोन देईन, सर?" हे त्याने अगदी सहज सांगितले, जणू मीच काहीतरी बावळट विचारले होते.

"मग ती तुला सांगते तरी कशाला?"

"नाई सांगितलं त आमी तिले तिथून उठवून देत होतो. तिले बांदी पाहाची राहते."

त्याला घरी पाठवले.

६ जानेवारी

आज सकाळी शाळा भरायच्या आधी स्नेहलला बोलावले. एकटीला खुर्चीवर बसवले. माऊसवर हात ठेवताना तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "घे." पहिला प्रश्न दाबायला तिला खूप वेळ लागला, उत्तर येत नव्हते म्हणून नाही, बाण हलवता येत नव्हता म्हणून. पाच महिन्यांत तिने तो हलवलाच नव्हता.

मग चालू झाली. तीसपैकी तीस. खेळ तयार केल्यापासून कुणाचे तीस झाले नव्हते. बांदी काठोकाठ भरली आणि लोंब्या वर आल्या. ते चित्र मी काढले होते, पण खेळात आलेले मीही पहिल्यांदाच पाहिले. ती हसली. मग तोंडावर हात ठेवून हसली. "सर, असं होते का शेवटी?"

सुलोचनाबाई दारात होत्या. कधी आल्या कळले नाही. म्हणाल्या, "आता कळवून टाका साहेबांना." म्हटले, कळवतो.

७ जानेवारी

कळवण्याआधी चुन्नीलालजींना सांगणे बरे म्हणून गिरणीवर गेलो. अचानक वरून कळले तर त्यांना वाईट वाटेल.

त्यांनी सगळे ऐकले. चहा आला. मग म्हणाले, "मास्तर, गावभर माहीत झालं का पोट्टा नागपूरले चालला. आता नाव परत आनाल त माह्या तोंडाले काय राहीन? अन् कोनाच्या पोरीसाठी, ते त पाहा."

मी म्हटले, मुलगी हुशार आहे.

"असन ना. हुशार असन त कुठंबी शिकन. माहा पोट्टा तिथं गेला तरच शिकन." चहा संपवून म्हणाले, "अन् साहेबाले काय सांगान? का पाच महिने तुमच्या वर्गात कोन खेळून राहिलं, तेच तुमाले माहीत नोतं? मंग तुमाले गोंदियाले कोन नेईन?"

हे मला सुचले नव्हते. परत येताना सायकल चालवत याचाच विचार करत होतो. खेळच खोटा ठरेल. चाळीस शाळांना मिळायचा तो मिळणार नाही. एका मुलाच्या जागेसाठी हजारो मुलांचे नुकसान करणे बरोबर नाही. असे पाहिले तर हा प्रश्न माझा किंवा उमेंद्रचा उरतच नाही.

९ जानेवारी

प्रश्नांचा क्रम बदलणारी एकच ओळ आहे. ती काढून टाकली. आता तेच तीस प्रश्न त्याच क्रमाने येतात. उमेंद्रला उत्तरांची यादी लिहून दिली. पोरगा पाठांतरात बरा आहे.

कापगते साहेबांना छापून दिलेल्या कागदाशी नोंदी जुळल्या पाहिजेत, म्हणून मंगळवारचा स्नेहलचा आकडाही काढला. तिच्या नावापुढे पुन्हा चार.

दुपारी तिने येऊन पडदा पाहिला. पोरांना पाहायला बंदी नाही.

"सर, मंगळवारी माजे तीस होते. आता चार काऊन दिसून राहिले?"

"मशीन कधी कधी चुकते."

ती तिथेच उभी राहिली. "मंग उमेंद्रचेबी चुकले असतीन का?"

"वर्गात जा."

गेली. नंतर खेळाच्या तासाला ती मागेही उभी राहिली नाही. बाहेर हातपंपाजवळ बसली. मी बोलावले नाही.

१७ जानेवारी, शनिवार

कार्यक्रम उत्तम झाला. सभागृह भरले होते. उमेंद्रने अठ्ठावीस केले. दोन विसरला, ते बरेच झाले, जास्त खरे वाटले. दिल्लीच्या बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. नीतू आणि रचना पहिल्या रांगेत होत्या. रचना मोठ्याने टाळ्या वाजवत होती.

चुन्नीलालजींनी बाहेर सर्वांसमोर मिठी मारली. सुलोचनाबाईंना बोलावणे होते, त्या आल्या नाहीत.

२ एप्रिल

आदेश आला. प्रकल्पाच्या गोंदिया कार्यालयात दोन वर्षे. "बांदी" चाळीसही शाळांत बसवायचा. कापगते साहेबांनी कार्यक्रमातल्या सीडीवरूनच प्रती काढून घेतल्या. ती ओळ परत घालून देतो असे म्हणालो. ते म्हणाले, जे चालते त्याला हात लावू नका. कसली ओळ, हे मी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही.

शाळेत निरोप म्हणून पोहे केले होते. मुलींनी गाणे म्हटले. स्नेहल गैरहजर होती. सुलोचनाबाईंना म्हटले, काही चुकले असेल तर माफ करा. त्या म्हणाल्या, "माझ्या बाबतीत काय चुकलं तुमचं, सर?"

२४ जुलै

देवरीकडच्या एका शाळेत पाहणीला गेलो. मुले घरी छत्तीसगढी बोलतात, तरी "बांदी" झकास चालला आहे असे तिथले शिक्षक सांगत होते. "सर, आमच्याकडं सगळ्यांचे तीसपैकी तीस."

पाहत उभा राहिलो. पडद्यावर प्रश्न उमटायच्या आधीच सगळी पोरे एका सुरात ओरडत होती, "छप्पन! एकशे आठ! बारा!" पहिलीतली दोन लहान मुले दारात उभी होती, तीही ओरडत होती.

एका मुलीला फळ्याजवळ नेले. विचारले, सात आठे किती? तिने खूप विचार केला. "सर, तो सवाल चौदावा आहे."

शिक्षक हसले. मीही हसलो.

२७ जुलै

कापगते साहेबांना सांगितले. पूर्ण नाही, इतकेच, की खेळात एक तांत्रिक दोष राहिला आहे, मुले क्रम पाठ करतात, नवी सीडी द्यावी लागेल.

त्यांनी टेबलावरचा अहवाल माझ्याकडे सरकवला. "चाळीस शाळा, सरासरी अठ्ठावीस. हे दिल्लीला गेलंय. आता नवी सीडी दिली तर सरासरी दहावर येईल. उसका जवाब कौन देगा? तुम्ही?"

मी अहवाल परत सरकवला.

रचनाला तिच्या शाळेत संगणकाचा तास लागला आहे. मला म्हणाली, "बाबा, तुमचा खेळ आणा ना घरी." सीडी सापडत नाही म्हणून सांगितले.

९ नोव्हेंबर

उमेंद्र नागपूरहून परत आला. दिवाळीला आला तो पुन्हा गेलाच नाही. चुन्नीलालजींचा फोन आला होता, आवाज पडलेला. तिथे पहिल्याच चाचणीत सगळ्या विषयांत नापास झाला, मुले हसत, रात्री अंथरुणात रडायचा. "मास्तर, तुमीच म्हनाले होते का पोट्टा हुशार आहे." मी असे कधी म्हणालो होतो? कागद म्हणाला होता.

पोराबद्दल वाईट वाटते. त्याचे यात काय चुकले?

७ डिसेंबर

साहेबांनी बोलावले. नागपूरची जागा रिकामी आहे. त्याच शाळेतून दुसरे नाव आले तर संस्था अजून घेईल, नाही तर दुसऱ्या शाळेला देईल. पुढच्या सोमवारपर्यंत नाव पाहिजे. मी लगेच म्हटले, एक मुलगी आहे, फार हुशार.

त्यांनी जुना कागद काढला. "मेश्राम? हिचे तर चार आहेत."

"ते... नोंदीत गडबड होती."

"मग शिफारसपत्रात तसं लिहा. काय गडबड, खरे गुण किती, खाली तुमची सही. बस."

इतके सोपे असेल असे वाटले नव्हते. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचे ओझे उतरले. शनिवारी बेहडाटोल्याला स्वतः जाऊन सांगणार. पत्र तिथेच, त्यांच्यासमोर लिहीन.

१२ डिसेंबर, शनिवार

दुपारी पोचलो. लीलाबाई अंगणात सुपाने धान पाखडत होती. सेवकराम कुंपण बांधत होते. स्नेहल आत होती. सातवीत आहे, उंच झाली आहे. मला पाहून "जय भीम सर" म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मी जागेचे सांगितले. मला वाटले होते त्यांना आनंद होईल.

लीलाबाईने सूप खाली ठेवले. "उमेंद्रनं सांगितलं आमाले. आल्या आल्या सांगितलं, हातपंपावर, सगळ्याइच्या समोर. का काकू, ते गुन तुमच्या पोरीचे होते. लेकरू होय ते, पन सांगितलं."

सेवकराम म्हणाले, "बसा, सर." मग काम सोडून तेही बसले. "आमाले कोनाचं वाईट नाई करायचं. तुमी खरं लिहून द्या, का पोरीचे तीस होते. मी उद्याच तिले घेऊन जातो नागपूरले."

माझ्याजवळ कागद नव्हता. स्नेहलने वहीच्या मधले पान काढून दिले. पेन माझ्या खिशात होता.

सुरुवात केली. तारीख, विषय. मग लक्षात आले की तीस लिहिले तर ते चार कसे झाले हेही लिहावे लागेल. कुणी केले, कधी केले. मग कार्यक्रमात काय दाखवले, आणि चाळीस शाळांत काय चालले आहे. एक आकडा लिहिला की बाकीचे सगळे त्याच्यामागून येणार होते. तिघेही माझ्या हाताकडे पाहत होते.

लिहिले: "कु. स्नेहल सेवकराम मेश्राम ही होतकरू, मनमिळाऊ व आज्ञाधारक विद्यार्थिनी असून तिला पुढील शिक्षणाची संधी मिळावी, ही शिफारस." सही केली.

स्नेहलने कागद घेऊन आईबापाला मोठ्याने वाचून दाखवला. मग पालटून मागे पाहिले.

"सर, याच्यात तीस कुठं आहेत?"

"ते मी साहेबांना तोंडी सांगेन. काळजी करू नको."

लीलाबाई सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली. स्नेहलने कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

"हे त उमेंद्रच्या नावावरबी चालते, सर," ती म्हणाली. रागाने नाही. गणित सांगावे तसे.

सेवकरामांनी मला रस्त्यापर्यंत सोडले. चहा राहिला म्हणाले.

१४ डिसेंबर, सोमवार

अकरा वाजता साहेबांनी विचारले, "बेहडाटोल्याचं पत्र?"

मी म्हटले, पालक मुलीला बाहेर पाठवायला तयार नाहीत.

"इन लोगों का यही रहता है," ते म्हणाले, आणि जागा देवरीकडच्या शाळेला दिली. तिथे तीसपैकी तीसवाली पुष्कळ मुले आहेत. फायलीत कारण लागते म्हणून त्यांनी एका ओळीत लिहिले की पालकांनी नकार दिला, आणि प्रत्यक्ष भेट मी घेतली असल्यामुळे खाली सही करायला सांगितले.

मी केली.